पदकाच्या आधीची बातमी

१९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, तेव्हा तिथे टीव्हीचा कॅमेरा नव्हता. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. त्या खेळी आज पडद्यावर पाहायला मिळत नाहीत, पण आकडे मराठी घरांत तोंडपाठ आहेत. पॅड बांधून बसून राहिलेला आणि पाळीच न आलेला पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार होता, हेसुद्धा लोकांना ठाऊक आहे. त्याच मुझुमदारांच्या मार्गदर्शनाखाली २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा सदतीस वर्षांपूर्वीचा तो तपशील पुन्हा घरोघर निघाला. तो टिकून राहिला, कारण शाळेच्या सामन्याला बातमी मानणारी माणसे त्या काळी होती. गुणलेखक होते, मैदाने पालथी घालणारे वार्ताहर होते आणि त्यांनी आणलेला मजकूर छापणारी पाने होती. १९६२ साली निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकरांनी खेळाला स्वतंत्र पान मिळवून दिले आणि त्या पानावर कसोटी सामन्याच्या शेजारी कबड्डी, खो-खो नि शालेय क्रिकेट मानाने बसू लागले.

दूरचित्रवाणीकडे यापेक्षा कितीतरी जास्त देण्याची ताकद होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पण पुढची कित्येक वर्षे मराठी बातम्या ठरावीक वेळेच्या आणि मोजक्या मिनिटांच्या होत्या. जागा नाही, ही अडचण तेव्हा खरी होती. २००७-०८ च्या सुमारास चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या लागोपाठ आल्या आणि ती अडचण संपली. पण जागा वाढत गेली तसा राज्यातला खेळ पडद्यावरून कमी होत गेला. आज वाहिनीवर खेळ येतो तो तीनच वाटांनी. पहिली वाट भारतीय क्रिकेट संघाची आणि आयपीएलची, दुसरी आंतरराष्ट्रीय पदकाची आणि तिसरी भांडणाची. जिल्हा अजिंक्यपद, निवड चाचणी, शालेय स्पर्धा, रणजीचा चार दिवसांचा सामना, गावच्या यात्रेतले कुस्तीचे मैदान हे सगळे या तीन वाटांच्या बाहेर राहते. एखादी ओळ पट्टीवरून सरकून जाते, किंवा शंभर बातम्यांच्या धावत्या यादीत काही सेकंद मिळतात. हे करमणुकीचे नुकसान असते तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे की स्थानिक खेळाची बातमी ही समाजाने ठेवलेली नोंद असते आणि दिलेली साक्ष असते. ती बंद पडली की खेळाडू पदकापर्यंत अदृश्य राहतो आणि खेळाचा कारभार कायमचाच अदृश्य होतो.

पदकाची वाट आधी पाहू. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले आणि राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे छोटे गाव दिवसभर पडद्यावर राहिले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले ते वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तो जल्लोष योग्यच होता. पण स्वप्नीलने पॅरिसची जागा देशाला मिळवून दिली होती ती २०२२ मध्ये, कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा येऊन. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याला सांघिक सुवर्ण मिळाले, वैयक्तिक पदक मात्र शेवटच्या काही नेमांत हुकले आणि तिथेही तो चौथाच राहिला. दोन चौथे क्रमांक आणि मग तिसरा क्रमांक, अशी ही गोष्ट आहे. ती ज्याला आधीपासून माहीत होती, त्याच्यासाठी पॅरिसची ती अंतिम फेरी श्वास रोखायला लावणारी होती. ज्याला कुणी सांगितलीच नव्हती, त्याला एकदम निकाल कळला. थ्री पोझिशन्स म्हणजे गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभ्याने नेम धरायचा असतो, एवढे प्राथमिक ज्ञानही बहुतेक प्रेक्षकांना त्या दिवशी पहिल्यांदा मिळाले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, आटपाडीकडचा पॅरालिम्पिक गोळाफेकपटू सचिन खिलारी, २०२५ मध्ये बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख, यांच्याही वाट्याला तेच आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्याकडे, आणि दोन्ही संघ जिंकले. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले, त्या खेळाच्या कर्णधारांची ओळख मराठी प्रेक्षकाला विश्वचषकाने करून द्यावी लागली.

भांडणाची वाट याहून अधिक बोलकी आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या लढती झाल्या. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पंचांनी एका मल्लाला चितपट ठरवले, तो निर्णय त्याला मान्य झाला नाही आणि मैदानात पंचांवर हात आणि पाय उगारला गेला. त्यानंतरच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने गदा जिंकली. दोन पराभूत मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. सगळ्या वाहिन्यांनी ही बातमी दाखवली. तीच काही सेकंदांची दृश्ये दिवसभर फिरत राहिली. मूळ प्रश्न मात्र खेळाचा होता. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले होते का? चितपटीचा निर्णय कोण आणि कसा देतो? दाद कुठे मागायची असते? हे दाखवून समजावण्यासाठी दूरचित्रवाणीइतके योग्य माध्यम दुसरे नाही. दृश्य थांबवा, सावकाश फिरवा, बाजूला एखादा जुना जाणता वस्ताद बसवा. पण त्यासाठी कुस्तीची जाण असलेला वार्ताहर वर्षभर तालमींतून आणि मैदानांतून फिरलेला असावा लागतो. तो नसला की राजकारणाचा प्रतिनिधी धावत जातो, त्याच्या हाती वाद लागतो आणि कुस्ती निसटते. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासूनची. अलीकडे दोन संघटनांच्या वादामुळे एकाच वर्षी दोन-दोन ठिकाणी ती भरली आणि एकाच वर्षाचे दोन-दोन महाराष्ट्र केसरी झाले. असे का झाले, खरा अधिकार कुणाचा, तालमीत घाम गाळणाऱ्या पोराने कुठल्या आखाड्यात उतरायचे, हे सलगपणे कुणी समजावून सांगितले नाही.

इथून मुद्दा कारभारापाशी येतो आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. म्हणजे क्रीडा प्रमाणपत्राला बाजारात किंमत आहे. गेल्या काही वर्षांत बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड झाली, गुन्हे दाखल झाले. अशा कागदाला आधार मिळतो तो कुणीच न पाहिलेल्या स्पर्धांमुळे. ज्या स्पर्धेला वार्ताहर नाही, छायाचित्र नाही, निकालाची जाहीर नोंद नाही, ती झालीच नव्हती हे सिद्ध करणेही अवघड. पाचशे लोकांसमोर झालेल्या आणि संध्याकाळी बातमीत आलेल्या अंतिम सामन्यात खोटा उपविजेता घुसवणे सोपे नसते. निवड चाचणीत कुणाला डावलले, क्रीडा संकुलाची धावपट्टी का उखडली, वसतिगृहात मुलींना काय जेवण मिळते, हे प्रश्नही नेहमी मैदानावर जाणाऱ्यालाच दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने क्रीडा प्रशासनाचा नवा कायदा मंजूर केला. संघटनांना शिस्त लागावी हा त्याचा हेतू आहे, पण तालुक्याच्या मैदानावर काय चालते ते कायदा स्वतः जाऊन पाहू शकत नाही.

यावर वाहिन्यांकडून पहिले उत्तर येते ते प्रेक्षकांच्या नावाने. लोकांना हे नको आहे, टीआरपी येत नाही. या उत्तराला वजन आहे. जाहिरातीवर जगणाऱ्या वाहिनीने आकड्यांकडे पाठ फिरवावी असे म्हणणे सोपे, पगाराच्या तारखेला ते निभावणे कठीण. पण ही मोजणी देशभरातल्या पन्नास हजारांहून काहीशा अधिक घरांतून होते. त्यातली एखाद्या जिल्ह्याच्या वाट्याला किती येणार आणि त्या जिल्ह्याचे वेड त्यांतून कसे दिसणार? कोल्हापुरात फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियम भरते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांवर पेठाच्या पेठा उभ्या राहतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. हा प्रेक्षक टीआरपीच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून तो नाही असे ठरते. कबड्डीबद्दलही अनेक वर्षे हेच सांगितले जात होते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी नीट दाखवली गेली आणि देशभर पाहिली गेली. त्यामागे मोठे भांडवल होते, तेवढे कुठल्याही वृत्तवाहिनीला झेपणार नाही, हे मान्य. तरी आवड आधी आणि दाखवणे नंतर, हा क्रम अटळ नसतो एवढे त्यातून सिद्ध झाले.

दुसरी सबब हक्कांची. सामन्यांची दृश्ये वापरण्यावर बंधने आहेत, आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे माध्यम हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, तिथे प्रादेशिक वृत्तवाहिनी काय करणार? पण ज्याचे हक्क महाग, तेच वाहिन्या स्थिर छायाचित्रे लावून तासन्‌तास चघळतात. आणि ज्याचे हक्क बहुधा फुकट, तिकडे कॅमेरा जात नाही. खो-खोच्या जिल्हा संघटनेला कॅमेरा आला तर आनंदच होईल. खासगी वाहिन्यांना आकाश मोकळे करून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल क्रिकेटच्याच तंट्यातून, १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून झाला होता. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. सार्वजनिक मालमत्तेवर व्यवसाय करणाऱ्याकडे सार्वजनिक नोंदीची काही मिनिटे मागणे वावगे नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. आता टीव्हीची गरजच काय? कुस्तीची मैदाने, टेनिस चेंडूचे क्रिकेट, कबड्डीचे सामने यूट्यूबवर थेट दिसतात, गावोगावचे तरुण स्वतःच कॅमेरा लावतात. हे काम मोलाचे आहे आणि जे वाहिन्यांनी सोडले ते या पोरांनी उचलले. फक्त त्याची मर्यादा ओळखायला हवी. थेट प्रक्षेपणाचा खर्च बहुतेक वेळा आयोजक करतो. आयोजकाला अडचणीचा प्रश्न तिथे विचारला जात नाही. शिवाय ते पाहतो तो आधीच त्या खेळाचा असलेला माणूस. बुलेटिनमध्ये शेतमालाचे भाव आणि पावसाचा अंदाज यांच्यामध्ये अचानक एखादी धावपटू दिसते आणि जिला खेळाशी काही देणेघेणे नव्हते, अशा आईला आपल्या मुलीसाठी काही सुचते. अशी अवचित गाठ मोबाइलवरच्या निवडून पाहण्यात सहसा पडत नाही.

कोवळ्या वयात प्रसिद्धी दिली तर मुले बिघडतात, असेही म्हटले जाते आणि त्यासाठी प्रणव धनावडेचे नाव पुढे येते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकाच्या सामन्यात त्याने नाबाद १००९ धावा केल्या आणि मैदानाला कॅमेऱ्यांचा वेढा पडला. त्या झोताचे ओझे पंधरा वर्षांच्या मुलावर पडले, यात शंका नाही. मात्र तो झोत दोन दिवसांचा होता. प्रतिस्पर्धी संघ कसा होता, सीमारेषा किती जवळ होत्या, त्याच हंगामात मुंबईत आणखी कोण चांगले खेळत होते, हे सांगणारे नियमित शालेय वार्तांकन असते, तर एक हजाराचा आकडा आपल्या जागी, प्रमाणात दिसला असता. त्या मुलाला उद्याचा तेंडुलकर म्हणण्याची घाईही झाली नसती. ६६४ च्या वेळी बातमी आली ती शालेय क्रिकेट वर्षानुवर्षे पाहिलेल्या लेखणीतून. १००९ च्या वेळी ज्यांनी बातमी दिली त्यांतले बहुतेक त्या मैदानावर पहिल्यांदाच आले होते.

असे नियमित स्थानिक वार्तांकन करायला फार मोठा खर्च लागत नाही. कॅमेरा आता खिशात मावतो. प्रत्येक जिल्ह्यात वाहिन्यांचे प्रतिनिधी आहेत. त्यांना खेळाच्या बातमीचे मानधन गुन्ह्याच्या बातमीइतके मिळाले आणि मुंबईच्या डेस्कवर ती बातमी ओळखणारा एक माणूस बसला, तर आठवड्याला अर्धा तास सहज भरेल. शालेय स्पर्धा दरवर्षी चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत मुले पुढे जातात. कोणता खेळ, कोणते मैदान, किती वाजता, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या वेळापत्रकात आधीच छापलेले असते.