जपणूक कोणासाठी?

वरळीची बीडीडी चाळ सोडताना माझे डोळे भरले. शेजारच्या काकू मात्र हसून म्हणाल्या, "मास्तर, आता संडासाची रांग नाही!" १९२० नंतरच्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी, खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

अपोलो बंदरावरचे १९०३ चे ताजमहाल हॉटेल नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जळले. ते जसेच्या तसे उभारून ऑगस्ट २०१० मध्ये उघडले. त्याच्या चित्रसंग्रहात वासुदेव गायतोंडे आहेत. हे गायतोंडे वाढले गिरगावच्या चाळीत.

मग चाळ पडावी आणि चित्र महालात जपले जावे, हा न्याय का? पूर्वी मी तावातावाने 'नाही' म्हटले असते. पण काकूंच्या रांगेवर माझी हळहळ कशी उभारू? जुने जपणे हे पुण्यच. मात्र त्याची झळ दुसऱ्याने सोसू नये. महालाने चित्र सांभाळले, हे उपकारच. तरी चाळीचे दार दिवसभर उघडे असे, हे विसरवत नाही. माझ्या वर्गातले एखादे पोर दरवानाला न बिचकता त्या चित्रापुढे उभे राहील, तेव्हाच ही जपणूक पुरी झाली असे मी म्हणेन.