मुलामा उतरवताना

नकली वस्तू आणि खोटी वस्तू यांत फरक आहे काय? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. पण दिखाव्याविषयी, रियाकारीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि त्यातून माणसांवर अन्याय होतो. म्हणून हा प्रश्न आधी अशा एका वस्तूवर तपासून पाहावा, जिच्यात आपल्या कोणाच्याच भावना गुंतलेल्या नाहीत. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतील जुनी स्टेशन वॅगन.

नावाप्रमाणे ही गाडी रेल्वे स्टेशनावरचे उतारू आणि त्यांचे सामान वाहून नेण्यासाठी निघाली. तिचा मागचा सांगाडा लाकडाचा असे. फोर्ड कंपनीची मिशिगन राज्यात स्वतःची जंगले होती. तेथील आयर्न माउंटन परिसरातल्या कारखान्यात मेपल आणि बर्चच्या लाकडातून या गाड्यांचे भाग तयार होत. गाडी देखणी दिसे, पण पावसापाण्यात लाकूड फुगायचे, सांधे सैल व्हायचे, पुन्हा पुन्हा वार्निश द्यावे लागायचे. १९४९ साली प्लिमथने संपूर्ण पोलादी वॅगन आणली आणि लाकडाचे दिवस भरले.

मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना लाकडाची सवय झाली होती. म्हणून फोर्डने १९५२ पासून आपल्या 'कंट्री स्क्वायर' गाडीच्या पोलादी अंगावर लाकडाच्या रेषा छापलेले पातळ आवरण चिकटवले आणि त्याला कडेने पट्ट्या मारल्या. कंट्री स्क्वायर १९९१ पर्यंत निघत राहिली. ब्युइकची 'रोडमास्टर' वॅगन तर १९९६ पर्यंत हे सोंग अंगावर घेऊन फिरत होती. १९८३ सालच्या 'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' या चित्रपटात अशाच गाडीची यथेच्छ टिंगल केलेली आहे.

आज ज्यांच्याकडे या गाड्या उरल्या आहेत त्यांच्यापुढे प्रश्न असतो, आवरण ठेवावे की काढावे? उन्हाने ते विटते, तडकते, कडा उचलल्या जातात. काढायचे तर गरम हवेने थोडा थोडा भाग तापवायचा, कड सोडवायची आणि सावकाश ओढायची. घाई केली तर तुकडे पडतात. जास्त तापवले तर खालचा रंग भाजतो. लोखंडी पात्याने ओरखडे उठतात, म्हणून प्लास्टिकचे पाते घ्यायचे. मग चिकटून राहिलेला गोंद भिजवून पुसायचा. पट्ट्या निघाल्या की त्या बसवण्यासाठी पाडलेली भोके उघडी पडतात आणि भोकांच्या कडेला बहुधा गंज असतो. आवरणाखालचा रंग ताजा, बाकीचा विटलेला. येथे पूर्वी काहीतरी होते हे लांबूनही कळते. आणि खाली लाकूड तर नसतेच. आवरण कारखान्यातच चढलेले होते. गाडी जन्मली तीच तशी. मग तिचे अस्सल रूप कोणते म्हणायचे?

हदीसमधील धान्यविक्रेत्याचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. बाजारातील धान्याच्या राशीत रसूलुल्लाह (स.) यांनी हात घातला, तो आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. धान्य ओले झाले हा गुन्हा नव्हता. पाऊस कोणाच्या हातात असतो? गुन्हा होता तो ओले धान्य झाकण्याचा. विकण्यापूर्वी जनावराचे दूध तुंबवून कास भरलेली दाखवण्याची मनाई, ऐब लपवून विकलेली वस्तू परत करण्याचा फिक्हमधील हक्क, हे सारे याच तत्त्वावर उभे आहे.

या मापाने पाहिले तर कंट्री स्क्वायरचे आवरण नकली होते, पण खोटे नव्हते. आपण लाकूड विकत घेतो आहोत असे कोणाला वाटण्याचे कारणच नव्हते. बोट लावले की कळत होते. आता समजा, एखाद्याने ते आवरण सोलले, गंजलेली भोके लांबीने बुजवली, वरून चकचकीत रंग दिला आणि निर्दोष म्हणून गाडी विकली. तिच्यावर नकली असे काहीच उरले नाही. पण ओले धान्य याच माणसाच्या राशीत आहे.

माणसांच्या बाबतीत आपण हे माप विसरतो. कोणी म्हणते, दर्ग्याचा संदल, लग्नातली हळद, तोंडातली मराठी हे वरचे आवरण आहे. ते काढा म्हणजे अस्सल मुसलमान उरेल. दुसरा म्हणतो, उर्दू आणि दाढी-टोपी काढा म्हणजे अस्सल मराठी माणूस उरेल. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि हा लेख मराठीत लिहितो आहे. यातले आवरण कोणते आणि पत्रा कोणता, हे मला तरी सांगता येणार नाही. ज्या रिवाजाने कोणाची फसवणूक होत नाही, कोणाचा हक्क मारला जात नाही, तो केवळ वरचा म्हणून खोटा ठरत नाही.

याचा अर्थ काहीच सोलू नये असा नाही. कर्ज काढून दिलेला थाटाचा वलीमा, 'खुशीने दिले' म्हणून घेतलेला हुंडा, ही झाकलेली ओली रासच आहे. तिच्यावरचे कोरडे धान्य बाजूला सारलेच पाहिजे. मात्र सारणाऱ्याने हात जपून चालवावा आणि नंतर जी भोके उघडी पडतील ती बुजवण्याआधी चारचौघांना दाखवावीत. सुधारकालाही या अटीतून सूट नाही.