कागदामागची पायपीट

नागपूरच्या उत्तर भागातील एखाद्या वस्तीत, इंदोरा किंवा पाचपावलीच्या अंगाला, सकाळी सात-साडेसातच्या सुमारास नगरसेवकाच्या दाराशी जाऊन उभे राहिले, म्हणजे लोकशाही या भारदस्त शब्दाचा जो अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो, तो राज्यशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. ओट्यावर पाच-सहा स्त्रिया बसलेल्या असतात. एकीच्या हाती जीर्ण शिधापत्रिका, दुसरीच्या हाती निराधार योजनेचा परत आलेला अर्ज, आणि तिसरी रिकाम्या हातांनीच आलेली. "भाऊ, गडर भरली जी, घरात पानी शिरून राह्यलं," एवढेच तिचे निवेदन असते. नगरसेवकाचे काम या एका वाक्यापासून सुरू होते, आणि ते वाक्य ज्या मार्गाने पुढे जाते तो मार्ग फार लांबचा आहे.

प्रथम त्या बोलण्याचा अर्ज व्हावा लागतो. अर्ज झोनच्या कचेरीत जातो, तेथे त्याची आवक नोंद होते. कनिष्ठ अभियंता जागेची पाहणी करतो. गडरची वाहिनी बदलावयाची असल्यास प्राकलन, मंजुरी, निविदा आणि कार्यादेश असे एकामागून एक टप्पे येतात, आणि प्रत्येक टप्प्यावर तो कागद कुठल्या तरी मेजावर विसावतो. मला या कामाचे मर्म येथेच दिसते. नगरसेवक हा कायदे करणारा नव्हे, पैसे वाटणाराही नव्हे. तो कागदामागून चालणारा माणूस आहे. ज्या वस्तीत रोजी बुडवून कचेरीत जाणे कोणालाच परवडत नाही, त्या वस्तीने आपल्या वतीने चालण्यासाठी निवडून दिलेला.

धरमपेठेसारख्या आखीव भागातील गृहस्थाला अशा माणसाची गरज क्वचितच भासते, कारण त्याच्या घराखालची मलवाहिनी घर बांधण्यापूर्वीच नकाशावर आखलेली होती. वस्ती मात्र नकाशाच्या आधी आली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चोवीस लाख भरली, आणि तिच्यातील एक तृतीयांशाहून अधिक माणसे झोपडपट्ट्यांत राहत होती. त्यांच्या पायाखालची जमीन कुठे सरकारी नझुलाची, कुठे नागपूर सुधार प्रन्यासाची, कुठे रेल्वेची, तर कुठे खाजगी मालकाची. एकाच गल्लीचे एक टोक एका खात्याकडे आणि दुसरे टोक दुसऱ्याकडे असले, की नळाची वाहिनी मध्येच थांबते आणि ना-हरकत पत्राचा प्रवास सुरू होतो. 1936 च्या कायद्याने प्रन्यास जन्मास आला आणि स्वातंत्र्यानंतर महानगरपालिका आली. या दोन घरांमध्ये गरीब नागरिकाला पाहुण्यासारखे फिरावे लागले आहे.

या शहराने आपल्या सफाई कामगारांसाठी वापरलेला एक फारसी वळणाचा शब्दही येथे आठवतो: ऐवजदार. कोणाच्या तरी ऐवजी, तात्पुरता घेतलेला माणूस, असा त्याचा सरळ अर्थ. आणि त्या तात्पुरतेपणात माणसांची वीस-वीस वर्षे निघून गेली. तुंबलेली गडर मोकळी करणारा आणि तिची तक्रार घेऊन आलेली बाई बहुधा शेजारच्याच वस्त्यांतून येतात, आणि दोघांचेही गाऱ्हाणे त्याच ओट्यावर ऐकले जाते.

कागद झाला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी महाडकडे पाहावे. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. ठराव निःसंदिग्ध होता, आणि तरीही पाण्याला अस्पृश्यांचा हात लागू शकला नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. ज्या नागपुरात पुढे 1956 साली धम्मदीक्षा झाली, तेथील वस्त्यांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही.

परंतु उलट बाजूचा दोष मला अधिक गंभीर वाटतो. काही लोकप्रतिनिधी अर्ज लिहूनच घेत नाहीत. "सांगतो मी साहेबांना," एवढ्यावर बाईला परत पाठवतात, दूरध्वनी करतात, काम होतेही. पण कुठेही नोंद राहत नाही, आणि जो हक्क होता तो उपकार होऊन बसतो. पुढच्या पावसाळ्यात तीच गडर पुन्हा भरते, तीच बाई पुन्हा ओट्यावर येते, आणि निवडणुकीच्या वेळी तिच्याकडून कृतज्ञतेची वसुली होते. जो नगरसेवक तिला अर्जाची पोच मागावयास शिकवतो, आणि दुसऱ्या वेळी तिला सोबत घेऊन त्या मेजापर्यंत जातो, तोच माझ्या मते खरे काम करतो. त्याने स्वतःची गरज थोडी कमी केलेली असते, आणि राजकारणात हे धैर्य दुर्मिळ आहे.

व्यवस्थाही त्याला फारशी साथ देत नाही. 2017 च्या निवडणुकीत शहराचे 38 प्रभाग आणि 151 सदस्य होते. जवळजवळ प्रत्येक प्रभागाला चार प्रतिनिधी आणि प्रभागाची वस्ती सरासरी साठ हजारांहून अधिक. चार दारे असली म्हणजे कोणते ठोठावावे, हा प्रश्न उरतो, आणि चौघांपैकी प्रत्येकाला उरलेल्या तिघांकडे बोट दाखवता येते. पूर्वीचा एका वॉर्डाचा एक मेंबर नावाने ओळखला जाई, तसाच नावाने जाब विचारला जाई.

मार्च 2022 मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असे संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने घालून दिलेले असतानाही कारभार प्रशासकाकडे गेला आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिला. अर्ज घेण्याची खिडकी उघडी होती, आवक नोंदही होत होती. कागदामागून अधिकाराने चालणारे मात्र कोणी उरले नव्हते. ज्यांच्या घराखालची वाहिनी नकाशावर आधीच आखलेली आहे, त्यांना तो काळ कदाचित जाणवलाही नसेल. त्यांनी तो विसरू नये, एवढीच विनंती आहे.