वासाची व्याप्ती

चार वर्षांपूर्वी एका तापात माझं नाक गेलं. ताप उतरला, वास परत आला नाही. फोडणी, मोगरा, पहिल्या पावसानंतरची माती, कशाचाच वास येत नाही. त्याची सवय झाली असं वाटत होतं. मग अ‍ॅरिझोनात मोटारहोमची प्रोपेनची टाकी भरायला गेलो.

आमची टाकी गाडीच्या सांगाड्यालाच कायमची बसवलेली. सिलिंडरसारखी काढून नेता येत नाही, गाडीच घेऊन जावी लागते. फ्लॅगस्टाफजवळ एका ठिकाणी शिरण्याआधी मी फ्रिज, गीझर, हीटर, शेगडी सगळं बंद केलं, कारण या प्रत्येकात कुठेतरी ज्योत किंवा ठिणगी असते. मग इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघं खाली उतरलो. भरणाऱ्या मुलानं हातमोजे चढवले, नळी जोडली आणि टाकीवरचा एक बारीक स्क्रू सैल केला. त्या स्क्रूखालची नळी टाकीत ८० टक्क्यांच्या पातळीपर्यंतच उतरलेली असते. तिथून पांढरा फवारा फुर्रकन उडाला की द्रव तिथवर चढला, भरणं थांबवायचं. वरची जागा रिकामीच ठेवतात. उन्हात द्रव प्रोपेन फुगतो, त्याला हातपाय पसरायला जागा लागते.

फवारा उडाला तशी ही दोन पावलं मागे सरली. "अहो, केवढा वास येतोय!"

मला फक्त पांढरं दिसलं.

तीस वर्षं मी कॉलेजात न्यायदर्शन शिकवलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती आपण स्वयंपाकघरात पाहिलेली असते. धूर आणि अग्नीचं नातं कुणी ठरवलेलं नाही. प्रोपेनला मात्र स्वतःचा वास नाही. तो वास इथाइल मरकॅप्टनचा, मुद्दाम मिसळलेला. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली बिनवासाचा नैसर्गिक वायू साठला आणि स्फोटात सुमारे ३०० माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे वायूत वास मिसळण्याचा कायदा झाला. म्हणजे 'जिथे हा वास तिथे वायू' ही व्याप्ती माणसांनी बांधली, त्या मुलांनंतर.

नैयायिक हिला सोपाधिक म्हणेल. कुणीतरी वास मिसळला असेल तरच ती खरी. टाकी आतून गंजली तर गंज तो वास खातोही. मग हे अनुमान तरी कसलं? मला वाटतं, हे अनुमानाच्या वेशातलं शब्दप्रमाण आहे. कुठल्याशा कारखान्यात एका माणसानं आपलं काम चोख केलं, आणि त्याचं सांगणं नाकापर्यंत पोहोचलं. आप्ताचं वाक्य, फक्त अक्षरांशिवायचं. इतकी वर्षं मी वर्गात धुराचा दृष्टांत दिला, हा कधी सुचला नाही.

आणि माझं काय? मला वास येत नाही यावरून वायू नाही असं ठरत नाही. अभाव कसा कळतो यावर नैयायिक आणि मीमांसक शतकानुशतकं भांडले, पण एवढं दोघांनाही मान्य: वस्तू असती तर दिसलीच असती, अशा ठिकाणीच तिचं न दिसणं काही सांगतं. माझं नाक ते ठिकाण नव्हे. त्या सांगण्याला माझ्यापर्यंत यायला आणखी एक माणूस लागतो.

नळी निघाली. मुलानं जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं, आम्ही तिघं वाकून बुडबुडे शोधत राहिलो. एकही उठला नाही. थोडं थांबून ही टाकीपाशी गुडघ्यांवर बसली, अगदी जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेहून जड, तो खाली साचतो.

"नाही येत."

मी फ्रिजकडे वळलो, तर तिनं हातानं थांबवलं. "थांबा. मघाच्या वासानं नाक सरावलं असेल." ती पाइनच्या झाडांपर्यंत चालत गेली, तिथे बराच वेळ मोकळा श्वास घेत उभी राहिली, आणि परत येऊन पुन्हा गुडघ्यांवर बसली.