पहिलं माप

भिवपुरी रोड स्थानकावर लोकल येईपर्यंत मी रोज एक जपानी शब्द पाठ करते. आज वहीत 'केइ' हा शब्द आला. त्याचा अर्थ बेरीज, एकूण आणि मोजणंही. पावतीच्या तळाशी येणारी एकूण रक्कम म्हणजे 'गोकेइ', घड्याळ 'तोकेइ', ताप मोजायची नळी 'ताइओनकेइ'. त्याच्या चिन्हात डावीकडे 'बोलणं' आहे आणि उजवीकडे 'दहा'. मोजणं म्हणजे आकडे तोंडाने म्हणणं!

ते चिन्ह गिरवताना आजोबांचं खळं डोळ्यांपुढे आलं. झोडणी, वारवणी झाली की भाताची रास पडायची. पहिली पायली ओतताना आजोबा खणखणीत आवाजात म्हणायचे, "लाभ!" मग दोन, तीन, चार. पहिल्या मापाला त्यांनी 'एक' कधी म्हटलं नाही. आवाज मोठा, कारण तो वाटेकऱ्यालाही ऐकू जायला हवा आणि मजुरालाही. सगळ्यांच्या कानांवर पडलेलं माप नंतर कुणाला बदलता येत नाही.

या स्थानकापासून जवळच, डोंगराच्या पायथ्याशी, 1922पासून जलविद्युत केंद्र चालू आहे. ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटमाथ्यावरून नळांतून कोसळतं, वीज देतं आणि पुढे कर्जतच्या शेतांत उन्हाळी भाताला जातं. त्या विजेचं युनिट न् युनिट मीटर अचूक मोजतो, पण मुकाट्याने. 'लाभ' म्हणायला माणूसच लागतो. जे मिळालं ते कुणाच्या तरी कृपेने आणि पुष्कळांच्या घामाने मिळालं, ही जाण त्या एका शब्दात आहे.

'केइ'ची आणखी एक छटा मला फार आवडली. योजनेला जपानीत 'केइकाकु' म्हणतात. त्यातही हेच चिन्ह. आजोबांची रास मोजून झाली की सर्वांत आधी बियाणं बाजूला निघायचं, मग घरचं, मग विकायचं. झालेल्या पिकाच्या मापातूनच पुढच्या पेरणीची सोय व्हायची.

दिवसाचं 'केइ' सकाळीच करावं, असं जपानी लोक म्हणतात. वही मिटताना मीही मनात रास मांडली. आईने उठून केलेला डबा, हातातला नवा शब्द, समोर उजळत चाललेला डोंगर. यातलं कालच्या कष्टाचं किती, आजच्या पेरणीला किती ठेवायचं?

लोकलचा भोंगा ऐकू आला. दिवसाची पहिली पायली भरली होती. मी हलकेच, पण ओठ हलवून म्हटलं, "लाभ."