नवा राजा आणि जुनें मन

राज्यकर्ता बदलला म्हणजे लोकांचे दिवस लागलेच पालटतात काय? शमुवेलाच्या म्हातारपणीं इस्राएलाच्या वडील मंडळीनें त्याजपाशीं राजा मागितला. त्यांस शौल मिळाला; परंतु लोकांचें मन तेंच राहिलें.

आपल्याच देशांतील एक उदाहरण घेऊं. २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी जाहीर झाली; पुष्कळ पुढारी तुरुंगांत पडले व वर्तमानपत्रांचीं तोंडें बंद झालीं. मार्च १९७७ च्या निवडणुकींत लोकांनीं तें सरकार मतांच्या बळानें दूर केलें. २४ मार्च रोजीं जनता पक्षाच्या खासदारांनीं दिल्लीस राजघाटावर जयप्रकाश नारायण यांजसमोर शपथ घेतली, आणि त्याच दिवशीं मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. आतां सर्व कांहीं झपाट्यानें सुधारेल, असें लक्षावधि लोकांस वाटलें. परंतु पुढारी आपसांत भांडले. जुलै १९७९ मध्यें देसाईंनीं राजीनामा दिला, व जानेवारी १९८० मध्यें मतदारांनीं इंदिरा गांधी यांच्याच पक्षास पुन्हां निवडून दिलें.

ख्रिस्ती मंडळीसही या काळांत धडा मिळाला. ज्या पक्षानें बोलण्याची मोकळीक परत आणिली, त्याच पक्षाचे एक सभासद ओ. पी. त्यागी यांनीं डिसेंबर १९७८ मध्यें लोकसभेंत धर्मांतरावर निर्बंध घालणारें विधेयक मांडलें. पुढें लोकसभा बरखास्त झाल्यामुळें तें बारगळलें.

मग ती आशा व्यर्थ होती काय? तसें म्हणवत नाहीं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें केवळ अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी लादण्याची वाट बंद केली. आतां त्यास सशस्त्र बंडाचें कारण लागतें. शपथेचा जयघोष केव्हांच विरला. सावकाश वादविवाद करून केलेली ती दुरुस्ती मात्र आजही उभी आहे.

बंधुजनहो, आशा करणें हा दोष नव्हे. आपलें ओझें पुढाऱ्याच्या खांद्यावर टाकून स्वस्थ बसणें हा दोष होय. पेरणीच्या दुसऱ्या दिवशीं शेतकरी कणीस शोधीत नाहीं. परंतु तो खुरपणीही सोडीत नाहीं. पुढाऱ्यांत एकी नाहीं म्हणून आपण हळहळतों, आणि मंडळीच्या सभेंत मानपानावरून भांडतों. मत विकणाऱ्यानें प्रामाणिक राज्य कोणत्या तोंडानें मागावें? अधिकाऱ्यांसाठीं प्रार्थना करण्यास पौलानें तीमथ्याच्या मंडळीस शिकविलें. ती आपण नित्य करावी, त्यांचें काम डोळसपणें पाहावें, परंतु त्यांस तारणारे मानूं नये. तारणारा एकच आहे, आणि तो अगोदर आपलें मन मागतो.