खिडकीतला प्रश्न

पेडण्यातल्या एका बँकेत माझ्यापुढे एक आजी होत्या. मोपा विमानतळात गेलेल्या जमिनीचे पैसे काढायला आलेल्या. खिडकीतून खणखणीत आवाज आला, "आजी, एवढे कशाला? लेकीला देणार?" आजींनी मागे पाहिले. रांगेत पुतण्या होता. पैसे न काढताच त्या निघून गेल्या.

विचारणाऱ्याला काळजीही असेल. हल्ली फोनवरून म्हाताऱ्यांना लुबाडतात. संशयास्पद व्यवहार कळवण्याचे बंधनही २००२च्या मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्याने बँकेवर आहे. पण गिऱ्हाइकाचे व्यवहार गुप्त राखणे हेही बँकेचे कर्तव्य, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने टूर्नियर खटल्यात पूर्वीच ठरवले. तोच प्रश्न हळू विचारला असता, तर काळजी म्हणता आली असती. रांगेला ऐकवला, तो भोचकपणाच.

मीही कान टवकारले होते. मागे वळताना आजींची नजर आधी माझ्यावरच पडली.